गळ्यातली आणि कूलरखालची

नितेशचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, घरात कोणी दुसरी बाई आली आहे. मी कणीक तिंबत होते. दिवेलागणीची वेळ, अकोल्याचा मे महिना, माझा या घरातला पहिलाच उन्हाळा, भिंतींना हात लावला तर अजून दुपारच लागत होती. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "ये बाई. ये, ये. अशी कोपऱ्यात रुसून काय बसली? चाल, तुले भाईर नेतो." इतका हळू, इतका लाडाचा, की माझे हात परातीतच थांबले. पिठाच्या हातांनी तशीच दारापर्यंत गेले. माझा नवरा कूलरच्या खिडकीखाली उकिडवा बसला होता आणि त्याच्या ओंजळीत बेडकी होती. डबक्यात ओरडतात त्या हिरव्या गुळगुळीत जातीची नव्हे. खरखरीत पाठीची, मातकट, मुठीएवढी, पुस्तकात जिला भेक म्हणतात ती. तिचा गळा लपलप हलत होता. पाय खाली लोंबकळत होते, आणि ती सुटायची जराही धडपड करत नव्हती. "काय झालं?" मी विचारलं. "काई नाई," नितेश म्हणाला. "आत आली होती. पायाखाली येईन एखाद्याच्या." हा आवाज ओळखीचा होता. भाजीत मीठ कमी हाय, गॅस संपला काय, उद्या दुकानात जाले उशीर होईन, हे सगळं याच आवाजात येतं. तो माझ्या बाजूने मागच्या दारातून बाहेर गेला आणि जाता जाता त्याचा आवाज पुन्हा खाली उतरला, मऊ झाला, आणि अंगणात दिसेनासा झाला.

माझ्या अंगाची लाही झाली, आणि ती मेच्या उन्हाने नव्हे. हसू आलं असतं तर बरं झालं असतं. अमरावतीच्या शाळेत मी मुलांना विज्ञान शिकवलं आहे, उभयचर प्राणी फळ्यावर काढून दाखवले आहेत, आणि आता मी एका उभयचर प्राण्यावर जळत होते. लग्न उशिरा झालं माझं. मुली ज्या वयात दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी येतात त्या वयात मी पहिल्यांदा सासरी आले, तीही दुसरी म्हणून. बिजवराला दिलं, असं नातेवाईक खालच्या आवाजात म्हणाले. आई म्हणाली, माणूस शांत आहे. शांत आहेच. मोटर वाइंडिंगचं दुकान आहे त्याचं. दिवसभर कूलरच्या आणि विहिरींच्या जळलेल्या मोटरी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची, नवी तार भरायची. तिथे बोलायचं काय काम? मी मनाची समजूत घातली होती की काही माणसांच्या तोंडात गोड बोलणं घातलेलंच नसतं. चोवीस तासांत त्याची माझ्या वाट्याला येणारी वाक्यं मी मनातल्या मनात पुरवून पुरवून वापरायचे. आणि आता कळत होतं, की घातलेलं होतं. भरपूर होतं. फक्त ते माझ्यासाठी नव्हतं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. रोज संध्याकाळी ती आत यायची. मागच्या दाराखाली फट होती, तिथून सरपटत यायची आणि कूलरखालच्या ओल्या भिंतीला पाठ लावून बसायची. नितेश दुकानातून आला की चप्पल काढून आधी तिकडे बघायचा. दिसली की सरळ हात उचलायचा नाही. मोरीवर जायचा, साबणाने हात धुवायचा, मनगटापर्यंत, नखांतलं वार्निश निघेपर्यंत. मग साबण गेला म्हणून पुन्हा नुसत्या पाण्याने. आणि मग हात न पुसता, तसेच ओले, टपटपणारे घेऊन तिच्याकडे जायचा. कोरड्या हातानं धरलं तर तिच्या कातडीले त्रास होते, असं त्याने मला एकदा सांगितलं, एवढं मोठं वाक्य. तिला मागून धरायचा, पुढच्या पायांच्या खाली, पोटाला खालच्या हाताचा आधार देऊन. बाहेर खिडकीखाली कूलरच्या टाकीचं पाणी गळतं, तिथे त्याने फुटक्या माठाचं खापर तिरपं टेकवून ठेवलं होतं. त्या सावलीत तिला सोडायचा. सोडल्यावर लगेच उठायचा नाही. मी स्वयंपाकघरात मिक्सरसाठी एक फळी ठोकून मागत होते दिवाळीपासून. ती ठोकली गेली नव्हती. बेडकीला मात्र घर मिळालं होतं, पाण्याच्या सोयीसकट. नवा प्लास्टिकचा कूलर घेऊ म्हटलं तरी तो ऐकायचा नाही. हा जुना लोखंडी कूलर गळतो, म्हणूनच त्याला हवा होता.

"कोणी शिकवलं तुमाले हे?" मी विचारलं. ताटावर मान खाली घालून तो म्हणाला, "कोनी नाई. पयलेपासून." पयलेपासून म्हणजे केव्हापासून, हे मी त्याला विचारलं नाही, सासूबाईंना विचारलं. मैनाबाई कूलरसमोरच्या बाजेवर पाय पसरून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "थे ना? थे ज्योत्स्नाच्या टायमापासून हाय." झालं. पुढचं काही मला ऐकायचं नव्हतं. सगळं आपोआप जुळत गेलं. हात ओले करणं ज्योत्स्नाचं. खापर ज्योत्स्नाचं. ये बाई, रुसली काय, हे तर तिचंच. त्याने ते तिच्यासाठी केलेलं, आणि ती गेल्यावर उरलं ते या खरखरीत पाठीवर खर्च करत होता. ज्योत्स्ना म्हणजे त्याची पहिली बायको. काविळीने गेली. मूल नव्हतं. तिचा एकच फोटो घरात आहे, रसवंतीवर हातात ग्लास घेतलेला, आणि फोटो काढणाऱ्याकडे बघून ती हसते आहे. फोटो कोणी काढला हे वेगळं सांगायला नको.

तिचा फोटो भिंतीवर होता, पण ती स्वतः माझ्या गळ्यात होती. या घरांत दुसरेपणाला आलेल्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीचं नखाएवढं पान, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती, नाक नाही, डोळे नाहीत, नुसते हातपाय. आणि काळा दोरा. लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राच्या आधी तो सासूबाईंनी घातला. मी बीएड झालेली मुलगी, मनात म्हटलं, घाला, चांदीच तर आहे. पण चांदी गळ्यात राहायला लागली की समजतं. नवी साडी आणली की आधी टाकाला लावायची, मग मी नेसायची. म्हणजे या घरात मी नेसलेली प्रत्येक साडी आधी तिची होऊन मग माझी झाली आहे. सणाला पहिला घास तिला. उन्हाळ्यात टाक तापतो, घामाने दोऱ्याखाली पुरळ येतं, आंघोळीच्या वेळी मी त्याला दोन बोटांच्या चिमटीत धरून बाजूला करते, झुरळ धरावं तसं. नितेश जवळ असला की तो टाक आमच्या मध्ये येतो, गार किंवा गरम, आणि मला नेहमी वाटत आलं आहे की तो क्षणभर थबकतो. विचारलं नाही कधी. असल्या गोष्टी विचारायला एक आवाज लागतो, तो आमच्यात नव्हता.

एका दुपारी ती वेळ चुकवून आत आली. नितेश दुकानात, सासूबाईंचा डोळा लागलेला, कूलर घरघरत होता. मी ओली फरशी पुसायला गेले तर भिंतीशी ती. बाहेर अंगण असं तापलं होतं की फरशीवर पाणी ओतावं तर डाग पडायच्या आत सुकावं. मी सुपली आणि झाडू घेऊन आले. काही करायची गरज नव्हती. नुसतं सुपलीत घ्यायचं, दार उघडायचं, अंगणाच्या मध्यावर नेऊन उलटं करायचं आणि दार लावून घ्यायचं. बाकीचं उन्हाने केलं असतं. मी तिच्यासमोर बसले. तिचे डोळे सोनेरी होते, त्यात आडवी काळी फट, आणि ती माझ्याकडे बघत होती की भिंतीकडे, काही सांगता येत नव्हतं. पळाली नाही. माणसाची सवय होती तिला, आणि ती सवय कोणी लावली ते आठवून माझा हात झाडूवर आणखी घट्ट झाला. तरी मी सुपली टेकवली नाही. दया आली म्हणून नव्हे, उगाच मोठेपणा कशाला घेऊ? मेली असती तर तो आवाज कायमचा तिचाच होऊन बसला असता. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मेलेली बाई कधी मीठ विसरत नाही, कधी म्हातारी होत नाही, फोटोत हसतच राहते. एक मेलेली मला पुरे होती. हिला जिवंत ठेवायचं होतं, चांगली धडधाकट, आणि लांब.

अमरावतीला आईच्या डोळ्यांची तपासणी होती, त्याचं निमित्त आयतं मिळालं. जायच्या दिवशी पहाटे, उन्हं तापायच्या आत, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला मी सुईने भोकं पाडली, आतून टोकं लागू नयेत म्हणून घासून घेतली, तळाला ओलं फडकं घातलं. मारायचं नसलं की किती बारीक बारीक काळजी घ्यावी लागते. खापराखाली ती होतीच. मी तिला सुपलीने हळूच डब्यात घेतलं, हात लावला नाही. जाता जाता ते खापर पायाने पाडलं. नितेश आंघोळीला गेला होता; आतून म्हणाला, "पोचली की फोन कर." त्या आवाजात. मीठवाल्या.

एसटीत मला खिडकी मिळाली. शेजारी धामणगाव रेल्वेला निघालेली एक बाई बसली, मांडीवर गाठोडं. मूर्तिजापूर यायच्या आधीच तिची नजर डब्यावर खिळली. "डब्यात काय हाय व बाई? हालून राहिलं थे." माझ्या तोंडून निघून गेलं, "सवत." बाई पदर तोंडात कोंबून हसली, इतकी की कंडक्टरने वळून पाहिलं. हसता हसता तिची नजर माझ्या गळ्याशी आली, काळ्या दोऱ्यावर, घामाने वर आलेल्या टाकावर, आणि तिने पदर तोंडातून काढला. हळूच म्हणाली, "खरीच हाय काय व?" मी टाक पदराखाली सारला. एक गळ्यात, एक मांडीवर, अशी मी चालले होते, आणि दोघींनाही माहेरी नेत होते, माझ्याच. बाईने पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली काढली. "मेलेली असो का जिती, तहान लागतेच. पाज तिले," म्हणाली आणि स्वतःच झाकणाच्या भोकांवर थेंब थेंब पाणी सोडलं. आत काहीतरी सरकलं. मला एकदम रडू फुटेल असं वाटलं, आणि मी बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

आईच्या मागच्या अंगणात नळ आहे, नळाखाली कायमचा चिखल, अळूची पानं, कर्दळी. उतरणारी संध्याकाळ होती. आई आत डोळ्यांत थेंब घालून पडली होती. मी डबा उघडला. ती जिवंत होती, फडक्याला चिकटून बसलेली, पोट जरा सपाट झालेलं. डबा आडवा केला तरी निघेना. मग मी नळ सोडला, हात धुतले, साबणाने आणि मग नुसत्या पाण्याने, आणि ओल्या हातांनी तिला उचललं. पहिल्यांदाच. वाटलं होतं शहारा येईल. हातात नुसतं गार वजन आलं, आणि त्या वजनाच्या आत धुकधुक, माझ्या तळहाताला लागणारी. पळत नव्हती. पायांची बोटं माझ्या बोटावर टेकवून बसली होती, लहान मूल धरतं तशी. मला काहीतरी म्हणावंसं वाटलं. तोच आवाज काढून बघावासा वाटला, इथे ऐकायला कोण होतं? घशाशी आला, पण बाहेर पडलं ते नुसतं "जा." वर्गात मुलांना म्हणायचे तसं. ती गेली. अळूच्या पानाखाली मातीत माती होऊन गेली. आतून आईने विचारलं, "कोण हाय व थं?" मी म्हटलं, "कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा अकोल्यात दिवे लागत होते. मन हलकं असायला हवं होतं. रिक्षातून उतरल्यावर मी जिंकलेल्या माणसासारखी पिशवी खांद्याला लावली, फाटक उघडलं, आणि अंगणातच ऐकलं. "ये बाई. कुठी गेली वं? कोनी बोललं काय तुले? ये, ये." रिकाम्या जमिनीशी बोलत होता. दारातून पाहिलं तर नितेश कूलरखाली मोबाईलचा उजेड पाडत होता. दुसरा हात कोपरापर्यंत ओला, तळवा वर धरलेला, त्यातून पाणी ठिबकत होतं. आदल्या दिवसापासून माझी खबर घ्यायला एक फोन केला नव्हता त्याने. मीही केला नव्हता, पण मी करणार होते, त्याने आधी केला असता तर. खिडकीबाहेरचं खापर पुन्हा तिरपं उभं केलेलं होतं. मी पिशवी धप्पकन टाकली आणि म्हटलं, "नाई येत ती. मी सोडून आली तिले. अमरावतीले. माह्या आईच्या नळाखाली."

कूलर घरघरत राहिला. नितेश उठून उभा राहिला. बोलल्या त्या सासूबाई, बाजेवरून, जराही न हलता. "तूबी नेली काय?" म्हणाल्या. "ज्योत्स्नानंबी नेली होती. पाटीत घालून, मोर्णा नदीच्या पुलाखाली सोडून आली होती. आन् अशीच आली होती पाय आपटत, तुह्यासारखी." मला आधी कळलंच नाही. "पण तुमीच म्हटलं ना आत्याबाई, ज्योत्स्नाच्या टायमापासून हाय म्हनून?" "टायमापासून हाय, म्हटलं. तिची हाय, असं कवा म्हटलं? थे तर बेडकी पाहूनच खाटेवर चढे. हा लहानपनापासून असाच हाय. याले मानसं सोडून सगळ्यायसंग बोलता येते." त्यांनी तोंडातली सुपारी इकडची तिकडे केली. "लय भांडे थे यासाठी. म्हने, बेडकीसंग बोलता तसं माह्यासंग एकडाव बोलून दाखवा. एकडाव. शेवटी दवाखान्यातबी म्हने." मी नितेशकडे पाहिलं. तो खाली बघत होता, ओल्या हाताकडे. बोलला असेल का तिच्याशी, दवाखान्यात तरी? नसणार, हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं. फोटोतली ती रसाचा ग्लास घेऊन ज्याच्याकडे बघून हसत होती, तो तिलाही मीठवाल्या आवाजातच म्हणाला असणार, हास.

"मंग?" मी सासूबाईंना विचारलं. "मोर्णेवरून?" "मंग काय, आली वापस. थेच आली का दुसरी आली, कोनाले माहीत? बेडकीच्या तोंडावर काय नाव लिवलं असते?" नितेशने मान वर केली. माझ्याकडे सरळ बघून, हळू, खाली उतरलेल्या, मऊ झालेल्या आवाजात त्याने विचारलं, "पानी हाय ना थं? सावली हाय?" तोच आवाज होता. लग्नापासून पहिल्यांदा तो माझ्याकडे तोंड करून आला होता आणि माझ्यावरून पुढे निघून गेला होता, मूर्तिजापूर, बडनेरा ओलांडून, आईच्या अळूपर्यंत. "हाय," मी म्हटलं. "अळू हाय. चिखल हाय." त्याने मान हलवली. मी खाली बसले होते ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याने मला उठवायला हात पुढे केला, मग थांबला, दांडीवरचा टॉवेल ओढला, दोन्ही हात नीट कोरडे पुसले, आणि मग माझा हात धरला.

मी मोरीवर गेले. प्रवासाची धूळ, घाम, दोऱ्याखालचं पुरळ चरचरत होतं. साबणाने हात धुतले, मग नुसत्या पाण्याने. सवयीने चिमटी गळ्यातल्या टाकाशी गेली आणि थांबली. मनात आलं, ही ज्योत्स्ना पायऱ्या उतरून पुलाखाली गेली असेल, डोक्यावर किंवा कमरेवर पाटी, बेडकीची भीती वाटत असताना, रागाने भीती गिळून. येताना रिकामी पाटी हलवत आली असेल. वाटेत ठरवलं असेल, आज तरी बोलेल. आपण दोघींनी एकाच दारातून एकाच रागाने तिला बाहेर नेलं, आणि मी इतके दिवस तुझ्यावरच जळत होते, बाई. हात ओले होते. मी टाक चिमटीत नाही धरला, तळहातावर घेतला, खालून आधार देऊन. घामाने काळा पडला होता. अंगठ्याने पुसला. नाक नाही, डोळे नाहीत, नुसते हातपाय. आणि काही न ठरवता, घशाला जराही जोर न लावता, तो आवाज माझ्याच तोंडून बाहेर आला. "ये बाई," मी म्हटलं. "ये. अशी रुसून काय बसली?"

बाहेर पावलं वाजली, घाईची. नितेश मोरीच्या दारात आला होता, हात पुन्हा ओले करायला बादलीकडे वाकलेला, डोळ्यांत पोरासारखी आशा.

"आली काय?"

मी टाकावर मूठ मिटली.

"नाई," मी म्हटलं. "आमी दोघीच हाव इथं."